माझं पिणं, त्याच्या नावावर

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. मी दारू पीत होते, हे आता तसं पुष्कळांना माहीत आहे — नवऱ्याला, सांगलीच्या बहिणीला, इथल्या एक-दोन मैत्रिणींना. मग तुम्ही म्हणाल, आता उरलं काय? उरलंय. पिणं कबूल केलं की लोक धीट म्हणतात, पाठीवर हात ठेवतात. आणि गेली दोन वर्षं मी तो हात ठेवून घेतेय. त्याच्या आड दुसरी एक गोष्ट आहे.

कुठून सुरू करू? श्रूजबरीपासून करते. २००२ साली मिलिंदच्या नोकरीमुळे आम्ही मॅसॅच्युसेट्समधल्या त्या गावात आलो. सई तेव्हा तीन वर्षांची. सांगलीत मी ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे. इथे माझ्या व्हिसावर काम करायला परवानगी नव्हती. हे मी कारण म्हणून सांगत नाहीये. त्याच व्हिसावरच्या शेजारणीनं शिवण शिकून घेतलं, दुसरीनं मुलांसाठी मराठी शाळा काढली. मी पांढऱ्या वाइनचा खोका आणला. पुठ्ठ्याचा खोका, खाली छोटी तोटी — पाण्याच्या पिंपासारखी. सोयीचं म्हणजे किती शिल्लक आहे ते बाहेरून कळत नाही. कपडे धुण्याच्या मशीनच्या खोलीत, साबणाच्या मोठ्या डब्यामागे तो असायचा. मिलिंद दारूला शिवत नाही. पार्टीत सगळे बिअर घेऊन उभे असले तरी हा आपला लिंबाचं सरबत घेऊन गप्पा मारणार. त्यामुळे घरात दारू असेल असं त्याच्या मनातही आलं नाही.

२००४च्या सप्टेंबरात सई किंडरगार्टनला जायला लागली आणि घर साडेआठ ते साडेतीन रिकामं झालं. एके दिवशी तिची बस आली, बेल वाजली आणि मला ऐकूच आली नाही. बसच्या ड्रायव्हरबाईनं दार ठोठावून सईला आत सोडलं. त्या दिवशी मी घाबरले. खरंच घाबरले. दुसऱ्या दिवशी लायब्ररीत गेले — घरच्या कॉम्प्युटरवर बघायची हिंमत नव्हती — आणि दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगांची यादी छापून घेतली. वार, वेळ, पत्ता. पुढे कंसात अक्षरं — कुठली सगळ्यांना खुली, कुठली फक्त बायकांची, कुठली नवख्यांसाठी. यादी गाडीतल्या पायाखालच्या मॅटखाली ठेवली.

एवढी मोठी यादी, आणि मला एकही जागा जमेना. संध्याकाळच्या मीटिंगा बाद — मिलिंदला काय सांगणार? श्रूजबरीतल्या बाद — आपल्यापैकी कुणी गाडी पाहिली तर? वूस्टरला एका तळघरात दुपारी बाराची होती. आत गेले तर कामाचे बूट घातलेले पंधरा-सोळा पुरुष. सगळ्यांनी इतक्या आपुलकीनं ‘ये, बैस’ केलं, की मी कॉफीचा कागदी कप हातात घेऊन तशीच मागच्या जिन्यानं वर आले. मग एक बायकांची सापडली. तिथे एकीनं सांगितलं, माझी मुलं कोर्टानं काढून घेतली. मी मनात म्हटलं, मी काही अशी नाही. पुन्हा गेले नाही. आणखी एका ठिकाणी पार्किंगमध्ये एक गाडी दिसली, डॅशबोर्डवर छोटा गणपती. तिथून तर मी इंजिन बंदही न करता वळले. आत बसलेला तो जो कुणी होता, त्याला किती एकटं वाटत असेल, हा विचार माझ्या मनात आला नाही. तुमच्या आला असता?

शेवटी शेजारच्या गावात गुरुवारी सकाळी दहाची एक मिळाली. चर्चच्या मागच्या बाजूला लांब बोळ, समोरासमोर दोन दारं. उजवीकडची खोली पिणाऱ्यांची. डावीकडची, ज्यांच्या घरात कुणी पितं अशांची. दोन्ही मीटिंगा एकाच वेळी. मी बोळात उभी राहिले. उजवीकडच्या दारावर हात ठेवायचा, एवढंच तर करायचं होतं. तेवढ्यात मागून एक म्हातारी आली. हातात घरी केलेल्या केकचा डबा, गळ्यात स्वतः विणलेला मफलर. तिनं माझ्याकडे पाहिलं — माझं मंगळसूत्र, माझा चेहरा — आणि अगदी हलक्या आवाजात विचारलं, “नवरा का गं, डिअर?”

मी म्हटलं, “यस.”

बघा, किती सोपं होतं. एक शब्द. तिनं माझ्या कोपराला धरलं आणि डावीकडच्या खोलीत नेलं.

तिचं नाव डोरोथी. नवरा दारूनं गेलेला, मुलगा दूर कुठेतरी. त्या खोलीत आठ-दहा बायका आणि एक वयस्कर गृहस्थ असायचे, आणि खरं सांगते, अमेरिकेत आल्यापासून इतक्या मायेनं मला कुणी वागवलं नव्हतं. पहिल्या गुरुवारी मी फक्त रडले. दुसऱ्या गुरुवारी बोलले. काय बोलले? सगळं खरं बोलले. खोका कुठे लपवलेला असतो, पिण्याआधी पोळी कशी खाऊन घ्यायची, तोंडाला वास येऊ नये म्हणून बडीशेप, दुपारची झोप म्हणजे काय असते, मुलीची बेल ऐकू न येणं म्हणजे काय. फक्त ‘मी’च्या जागी ‘तो’ म्हटलं. त्या मान हलवायच्या. एकदा त्या गृहस्थांनी विचारलं, तो दुपारी घरी कसा? मी म्हटलं, घरून काम करतो. सगळ्याला उत्तर असायचं माझ्याजवळ.

आणि समोरच्या बंद दारामागून हसण्याचे आवाज यायचे. हो, पिणारे फार हसतात त्यांच्या मीटिंगांत. तेव्हा मला ते माहीत नव्हतं. मला वाटायचं, कशाला हसतायत?

घरी आले की हलकं वाटायचं. इतकं हलकं, की एक ग्लास प्यायला हरकत नाही.

जानेवारीत एका दुपारी शाळेतून फोन आला, सईची बस चुकलीय, घ्यायला या. मी तीन ग्लास घेतले होते. नाही म्हणता आलं असतं — शेजारीण होती, मिलिंदला फोन करता आला असता. मी गाडी काढली. शाळेपर्यंत नीट गेले. परतताना, सई मागच्या सीटवर असताना, घराच्या वळणावर गाडी शेजाऱ्यांच्या टपालपेटीवर गेली. खांब मोडला, गाडीचा पुढचा दिवा फुटला. सई रडली नाही. “मॉमी, यू हिट इट,” एवढंच म्हणाली. मिलिंदला सांगितलं, बर्फावरून घसरली. त्यानं आधी मला जवळ घेतलं. शनिवारी दिवसभर गोठलेल्या मातीत पहार मारत त्यानं शेजाऱ्यांना नवा खांब रोवून दिला. फुटलेल्या दिव्यावर पांढरी चिकटपट्टी लावली. मी खिडकीतून पाहत होते.

आणि पुढच्या गुरुवारी मी ते खोलीत सांगितलं. ‘तो पिऊन मुलीला आणायला गेला आणि टपालपेटी मोडली.’

 मीटिंग संपल्यावर डोरोथी मला बाजूला घेऊन म्हणाली, “इतर सगळं या खोलीत राहील. पण मूल गाडीत असेल तर ते मी पोटात ठेवू शकत नाही. वचन दे, तिला त्याच्याबरोबर गाडीतून जाऊ देणार नाहीस.” मी वचन दिलं. तिनं माझ्याकडून सेलफोनचा नंबर घेतला. तिचा घरचा पत्ता आपल्या हातानं लिहून माझ्या पर्समध्ये ठेवला. त्याच दरम्यान एकदा बर्फामुळे शाळा बंद होती, तर मी सईला घेऊनच मीटिंगला गेले. डोरोथीनं तिला कोपऱ्यात बसवून रंगीत खडूंचा, क्रेयॉनचा डबा दिला आणि तासभर तिच्याशी चित्रं काढत बसली. निघताना मला गाडीपर्यंत सोडायला आली. दिव्यावरची ती पट्टी तिनं पाहिली. 

आता येतेच त्या दिवसावर. टाळतेय, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

मार्चमधला शनिवार. मिलिंद सईला घेऊन वाणसामान आणायला गेला. आदल्या दिवशी बॅडमिंटन खेळताना त्याचा पाय मुरगळला होता, लंगडत होता. मी म्हटलं होतं, मी जाते. तो म्हणाला, “तू आराम कर गं, डोकं दुखतंय ना तुझं.” माझं डोकं दुखत नव्हतं.

चारच्या सुमारास दोघं परत आले. त्यानं पिशव्या ओट्यावर ठेवल्या, दूध फ्रिजमध्ये घातलं आणि हसत म्हणाला, “आज मला दारुड्या ठरवलं, यार.”

दुकानाच्या पार्किंगमध्ये तो सईला सीटबेल्ट लावून ड्रायव्हरच्या दाराकडे येत होता, हातात पिशव्या, जमीन निसरडी, पाय दुखरा, त्यामुळे झोकांडी गेली. एक म्हातारी गोरी बाई त्याच्या दाराला पाठ लावून उभी राहिली. “किल्ल्या दे. या मुलीला घेऊन तू गाडी चालवायची नाहीस.” यानं विचारलं, मॅडम, काय झालं? ती म्हणाली, “तू काय करतोस ते मला माहीत आहे.” ती जागची हलेना. लोक जमले. कुणीतरी पोलिसांना फोन केला. आलेला पोलीस तसा सौजन्यानं वागला म्हणे. त्यानं याला पार्किंगच्या पिवळ्या रेषेवरून सरळ चालायला लावलं. मुरगळलेल्या पायानं हा सरळ चालणार कसा? मग नळीत फुंकायला लावलं. त्यात काहीच निघालं नाही. पोलिसानं सॉरी म्हटलं. बाई मात्र याच्याकडे बघत उभीच राहिली. सई काचेतून सगळं पाहत होती.

सई आणि दिव्यावरची पट्टी डोरोथीनं ओळखली होती, पण माझं नाव तिनं काढलं नाही. कळतंय ना तुम्हाला? ‘तुझ्या बायकोनं सांगितलं’ असं ती म्हणाली असती, तर तिच्या समजुतीप्रमाणे घरी मला मार बसला असता. तिनं मला सांभाळलं.

सांगता सांगता मिलिंदचं हसणं थांबलं. तो बूट न काढता खुर्चीवर बसला. “पण मीच का गं? एवढ्या पार्किंगमध्ये मीच का?” मी बडीशेप चघळत होते. दुपारपासूनचा चौथा ग्लास मशीनवर तसाच होता. तेव्हा मला सांगता आलं असतं. तो माणूस माझ्यावर ओरडलाही नसता. मी काय म्हटलं? मी म्हटलं, “तुझी दाढी, तुझा रंग. न्यूयॉर्कचे ते टॉवर पडल्यापासून लोक असेच झालेत, मिलिंद.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. जणू इतका वेळ तो तेच उत्तर टाळत होता आणि मी ते त्याच्यापुढे आणून ठेवलं.

हेसुद्धा सगळं नाही. सई तिथेच होती, जॅकेट काढत. ती म्हणाली, “मॉमी, इट वॉज द क्रेयॉन लेडी.”

मिलिंदनं विचारलं, “कोण?”

मी सईच्या समोर गुडघ्यावर बसले. तिच्या जॅकेटची चेन खाली ओढली. म्हटलं, “नाही राणी, ती वेगळी. म्हाताऱ्या बायका सगळ्या सारख्याच दिसतात.” ती म्हणाली, “नो, शी हॅड द स्कार्फ.” मी म्हटलं, “तसा स्कार्फ खूप जणींकडे असतो. तू घाबरली होतीस ना, म्हणून तुला तसं वाटलं.” ती माझ्याकडे बघत राहिली. पाच वर्षांची पोर. तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं आणि तिची आई सांगत होती की पाहिलं नाहीस. मग थोड्या वेळानं ती म्हणाली, “ओके.”

आयुष्यात मी पुष्कळ वाईट गोष्टी केल्या, बहुतेक दारूच्या भरात. पोटात दारू असली, तरी ही मात्र मी पूर्ण शुद्धीत केली. त्या क्षणी माझं डोकं इतकं स्वच्छ चालत होतं की काय सांगू.

सकाळी मिलिंदनं दाढी काढून टाकली. कॉलेजपासूनची दाढी होती ती. मी त्या चर्चकडे पुन्हा गेले नाही. दोन आठवड्यांनी सेलफोनवर डोरोथीचा निरोप होता. म्हणाली, “माझं चुकलं असेल तर माफ कर. माझ्यामुळे त्यानं तुला त्रास दिला नाही ना, एवढाच घोर आहे. मीटिंगला नाही आलीस तरी चालेल. माझं मागचं दार उघडं असतं, दिवसा कधीही ये.” मी तो निरोप पुसला. तिच्या हातचा पत्ताही फाडून टाकला. ती अजून असेल तर अजून असंच समजत असेल — की कुठेतरी एक हिंदुस्थानी बाई नवऱ्याच्या धाकानं घरात कोंडलेली आहे.

मिलिंद त्या गावात रमेनासा झाला. दुकानात गेला की आजूबाजूला बघायचा. उन्हाळ्यात त्यानं टेक्सासमधली नोकरी घेतली आणि आम्ही फ्रिस्कोला आलो. मोठं घर, ऊन, शेजारीपाजारी आपले लोक. खोकाही आला बरोबर, म्हणजे नवा आला. सहा-सात महिन्यांनी मिलिंदलाच तो सापडला. तो ओरडला नाही. मशीनच्या खोलीत जमिनीवर बसून राहिला आणि मी आल्यावर म्हणाला, “नीला, किती दिवस?” मी खरा आकडा सांगितला — तीन वर्षं. त्यानंच इथली मीटिंग शोधली. दुकानांच्या रांगेतला एक गाळा, दुपारी बाराची. तो ऑफिसातून सुट्टी काढून मला घेऊन गेला आणि तासभर बाहेर गाडीत बसून राहिला. मी आत गेले, आपलं नाव सांगितलं आणि म्हटलं की मी दारुडी आहे. तेव्हापासून प्यायलेले नाही. त्यालाही आता दोन वर्षं होऊन गेली.

या मीटिंगांत एक काम असतं — आपण ज्यांचं वाईट केलं त्यांची यादी करायची आणि जमेल तिथे जाऊन चूक पदरात घ्यायची. मला वाट दाखवणारी टेरेसा म्हणून एक बाई आहे. तिच्यासमोर बसून मी यादी केली. मिलिंदचं नाव लिहिलं: खोटं बोलले, लपवलं. सईचं लिहिलं: पिऊन गाडी चालवली. ते त्या दोघांना सांगितलंही, सईला तिच्या वयाला झेपेल इतपत. टेरेसानं विचारलं, कुणी राहिलं का? काही राहिलं का? मी म्हटलं, नाही.

म्हणजे जिथे खोटं बोलायचंच नसतं, अशी जागा एकदाची सापडली, आणि तिथेही मी बोलले.

गेल्या महिन्यात जोशी काकूंकडे जेवायला होतो. एअरपोर्टवर कुणाला कसं अडवलं, अशी बोलणी निघाली. मिलिंदनं आपला प्रसंग सांगितला. तो दर वर्षी एक-दोनदा सांगतो. आता त्याला सांगायची सवय झाली आहे, कुठे थांबायचं ते माहीत आहे. सई आता नऊ वर्षांची. ती उठली, जमिनीवरच्या फरशीच्या रेघेवरून एक पाय ओढत चालून दाखवलं आणि म्हणाली, “बाबा हॅड टू वॉक लाइक धिस. अँड द लेडी वॉज सो मीन. वुई हॅड नेव्हर ईव्हन सीन हर बिफोर.”

कुणी हसलं नाही. जोशी काकूंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. “काय सहन केलंत गं बाई तुम्ही. आणि ती कोण कुठली, ओळख ना पाळख!”

मी म्हटलं, “हो ना.” आणि भात वाढायला उठले.

ती बाई दुष्ट नव्हती. तिला जे सांगितलं होतं, ते खरं मानून चांगल्या माणसानं जे करावं तेच तिनं केलं. मिलिंदला त्या दुपारी रंगावरून किंवा दाढीवरून कुणी अडवलं नव्हतं; माझ्या शब्दावरून अडवलं होतं. सईनं त्या बाईला आधी पाहिलं होतं. तिनं बरोबर ओळखलं होतं.

तिघांपैकी कुणालाही मी हे सांगितलेलं नाही.